अस्वलं बघायला गेलेली लेक

जन्मभर बीडच्या शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर काठी टेकवून अलास्का दाखवायचा कंटाळा आला, म्हणून निवृत्तीनंतर एका सहलीबरोबर तिथल्या समुद्रातल्या लांबच्या बेटावर अस्वलं बघायला निघाले. निघण्याआधी आष्टीजवळ माहेरी गेले, तर धाकट्या भावानं वेशीवर फ्लेक्स लावलेला. 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', आणि त्यात त्याचा फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठा. त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं.

आई खाटेला खिळलेली, पण जीभ ठणठणीत. "जा बाई, बघून ये. फकस्त मी जायच्या आत माघारी ये. शेवटचं पाणी तुझ्याच हातचं पायजे. हिच्या हातचं घशाखाली उतरायचं न्हाई." भावजय तिथंच चहा गाळत होती. मी भावाला बजावलं, काही कमीजास्त झालं तर त्या क्षणी फोन कर, असेन तिथून निघते. तो म्हणाला, "हे काय सांगायचं झालं का, आक्का?"

बेट हिरवंगार, ओलं आणि निर्दय होतं. नदीतून सॅमन मासे प्रवाहाच्या उलटे चढत होते. अस्वलं त्यांना धरायची, कातडी आणि अंडी तेवढी ओरबाडायची, आणि तडफडता मासा तसाच टाकून दुसरा धरायची. एके दिवशी एका नरानं आमच्यादेखत एक पिल्लू उचललं. त्याची आई भिडली, रक्तबंबाळ झाली, शेवटी मागं सरली. सहलीतल्या बायका रडत रडत फोटो काढत होत्या. मला त्यांचा राग आला आणि मीही बघत राहिले.

आम्हाला फिरवणारी बाई तिथल्या मूळ लोकांपैकी, माझ्याच वयाची, अंगानं दणकट आणि बोलायला तुसडी. तिनं आम्हाला सीलच्या तेलात बुडवलेला सुका मासा खायला दिला. बाकीच्यांनी नाकं मुरडली. मी आठवडी बाजारातलं सुकट खाऊन वाढलेली, मी दोनदा मागून घेतला. तेव्हापासून ती माझ्याशी जरा नीट बोलायला लागली.

एका सकाळी देवमासे बघायला निघालो असताना तिच्या बोटीवरचा रेडिओ खरखरला. तिनं ऐकून घेतलं आणि बोट वळवली. गावात एक म्हातारा वारला होता. तिच्या नात्यातलाही नव्हता. "आमच्यात कुणी गेलं की आधी पाण्यावर असलेल्यांना कळवतात," ती म्हणाली, "आणि सगळ्या बोटी परत येतात." आमच्यातले एक गृहस्थ देवमाशांच्या पैशांवरून कुरकुरले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, जणू ती माझीच कुणी होती.

संध्याकाळी मी घरच्या ग्रुपवर आवाजातला निरोप टाकला. इथली माणसं बघा, मेलेल्यासाठी समुद्रातून माघारी येतात, जरा काहीतरी शिका. भावानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. लाल रेनकोटातल्या माझ्या फोटोखाली चुलतभावानं लिहिलं, 'लई भारी, आक्का!' आई काय करतेय असं फोनवर विचारलं, की भावजयीचं रोजचं उत्तर ठरलेलं असायचं. "झोपल्यात बगा, गोळी खाल्लीय."

परत आले तेव्हा आष्टीच्या स्टँडवर भाऊ घ्यायला आला होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"कधी?" मी विचारलं.

"तू तिकडं पोचलीस त्याच्या दुसऱ्या दिशी."

"आणि मला?"

"कावून कळवायचं? तिकडून काय आष्टीला गाडी हाय व्हय? तुझी मजा कशाला घालवायची?"

भर स्टँडवर मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. लोक बघत उभे राहिले. मग विचारलं, पाणी कुणी घातलं. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "हिनंच की."

दुसऱ्या दिवशी तेरावा होता. बायकांच्या पंगतीत चुलती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आईचा जीव दारात घुटमळला, अन लेक अस्वलं बघीत हुती."

"मला कुणी कळवलंच नाही, काकी."

"खोटं नको बोलूस बाई. आमी समदे हितंच हुतो. तिरडी उचलायच्या आधी इचारलं, लेकीसाठी थांबायचं का म्हणून. तुझा भाऊ म्हणला, कळवलंय तिला. ती म्हणती, तुमी उरकून घ्या, माझं अजून बघायचं राह्यलंय."

पलीकडची बाई शेजारणीला मोबाइल दाखवत होती. त्यात लाल रेनकोट घालून मी हसत होते.

भाऊ समोरच पुढाऱ्यांना बुंदी वाढत होता. मी त्याला हाक मारली. परात घेऊन तो आला. मी म्हणाले, "सांग यांना. काय कळवलंस मला, ते सांग."

त्यानं सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "काकी, जाऊ द्या. तिला आदीच लई वाईट वाटतंय. आक्काला कुणी काय बोलू नका."

चुलतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ असावा तर असा," ती म्हणाली. आणि त्यानं वाकून माझ्या पानात बुंदी वाढली.