इलाइतियाचं पाणी

“माझा वाटा घरी पाठवा गं, मला बसायला वेळ नाही!”

लग्न असो की चर्चची पंगत, तोकासाचं हेच पालुपद. एवढं बोलून ती कमरेला टोपली बांधायची आणि समुद्रात उतरायची. तिच्यासारखं जाळं फेकणारी बाई त्या फिजी बेटावर दुसरी नव्हती.

तिचा एकुलता मुलगा इलाइतिया इंग्रजांच्या फौजेत भरती झाला आणि अफगाणिस्तानात सुरुंगावर पाय पडून गेला. तेविसावं वर्ष चालू होतं. शवपेटी आली ती बंदच. उघडायची नाही, असं सोबतच्या साहेबांनी बजावलं. बायकांनी विणलेल्या चटया त्या लाकडावरच पांघरल्या. त्याच दिवशी गावच्या म्हाताऱ्या मुखियांनी समोरच्या उथळ पाण्यात खांब रोवला. दुखवटा म्हणून शंभर दिवस तिथे मासेमारी बंद. हा मान आजवर मुखियांच्याच घराण्याचा. साध्या घरच्या पोराला तो पहिल्यांदाच मिळाला. त्या दिवशी तोकासा उंबऱ्यात बसली ती बसलीच.

शंभर दिवस भरले. जमिनीतल्या भट्टीत डुक्कर आणि कसावाचे कंद शिजत होते, किनाऱ्यावर बायका जाळी घेऊन खोळंबल्या होत्या. पहिलं जाळं गेलेल्याच्या आईनंच टाकायचं असतं, आणि तोकासा उठेना.

नणंद लुसियाना तिच्याशेजारी येऊन टेकली. एकमेकींची टर उडवण्यात दोघींचा जन्म गेला होता.

“वहिनी, मासे माजलेत हं. पत्र्याच्या डब्यातलं खाऊन खाऊन माझ्या जिभेला गंज चढलाय.”

“अजून शंभर दिवस खा. तेवढीच बडबड कमी होईल.”

“ऊठ की गं.”

“नाही उठणार. खांब निघाला की संपलं. उद्यापासून जी ती आपल्या जाळ्यात गुंतेल. माझ्या पोराचं नाव कोण काढणार?”

लुसियानाला हसू फुटलं आणि डोळेही भरले. “वेडी गं वेडी! तू इथे बसून राहिलीस, तुला काय कळणार? त्या पाण्याला बायका आता ‘इलाइतियाचं पाणी’ म्हणतात. इलाइतियाच्या पाण्यात शेवंडं दिसली, इलाइतियाचं पाणी उघडणार कधी? नळावर रोज हेच चालतं.”

“पोरीसुद्धा?”

“पोरीच जास्त. भुकेनं शिव्या घालत म्हणतात!”

तोकासानं पाण्याकडे नजर टाकली. मग म्हणाली, “ओहोटी कधी लागली?”

“मघाशीच.”

“मग सांगायचं नाही, बये?”

ती उठली. बसून बसून पाय आखडले होते. पहिली चार पावलं लंगडत टाकली. वळचणीचं जाळं ओढून तिनं खांद्यावर घेतलं आणि वाळू तुडवत निघाली. बायका बाजूला झाल्या. मुखियांनी डोक्यावरची टोपी काढली. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला, तरी तिनं मागे पाहिलं नाही. लुसियाना उंबऱ्यातच उभी राहून, उन्हाला हात आडवा धरून, तिची पाठ लहान होत जाताना बघत होती.