कानांचा रोजा

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. माळ्यावरच्या डब्यांसारखे ते आपोआप साठत जातात. मी, सावंत आणि गजानन असे तिघे रिटायर्ड एकत्र बसलो की चहाबरोबर एकेक डबा खाली येतो. हसतात ते दोघं. कारण प्रत्येक किश्शात घाम फुटलेला असतो तो माझा! आता मीही हसतो. पण तेव्हा आठ वर्षं मी घाबरलेला होतो, हे आधीच सांगून टाकतो.

ठाण्याजवळ दिघ्याला आमची स्पीकर बनवणारी कंपनी होती. शहात्तर साली रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून मी आलो आणि टेस्टिंगला लागलो. टेस्टिंग म्हणजे भिंतींना आवाज अडवणारा जाड लोकरी नमदा ठोकलेली एक खोली, एक रेकॉर्ड प्लेअर आणि समोर येत राहणारे स्पीकर. स्पीकर जोडायचा, गाण्याचा तुकडा वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचं. आतली कॉइल घासत असेल तर बारीक घरघर येते. घरघर आली तर लाल खडूची फुली, नाही आली तर ‘ओके’चा शिक्का. दिवसभर हेच!

आता अडचण अशी की माझे वडील आमच्या गावच्या मशिदीत बांगी होते. पाच वेळा नमाजाची बांग द्यायचे. त्यांची बांग खाडीपलीकडच्या गावात ऐकू जायची. आणि वाद्यांचं गाणं ऐकणं हराम, यावर ते ठाम होते. लग्नात नुसता डफ असला तर बाबा बसायचे. बँड आला की दुआ देऊन न जेवता घरी यायचे आणि दहीभात खायचे. ज्याची कमाई त्यांना पटत नसे त्याच्या घरचं पाणीसुद्धा ते घेत नसत. माझा सख्खा मामा सिनेमा थिएटरात डोअरकीपर होता. बाबांनी त्याच्याकडे कधी कपभर चहा घेतला नाही. मामाचं नाव निघालं की आई उठून आत जायची.

मी थोरला मुलगा. उद्या बाबा माझ्या घरी आले आणि माझ्या ताटावर बसलेच नाहीत तर? मला दुसरी कसलीच भीती नव्हती, ही एकच होती. म्हणून घरी पत्रात लिहिलं, ‘मशीन तपासायचं काम मिळालं आहे.’ तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

*

सावंत आमचे सुपरवायझर. माणूस देवगडचा, बोलणं वकिलाचं. माझं तोंड उतरलेलं बघून त्यांनी एकदा विचारलं आणि मी सगळं सांगून बसलो.

ते म्हणाले, “अरे हसन, उगाच टेन्शन घेतोस. तू गाणं ऐकतोस कुठे? तू घरघर ऐकतोस! गाणं वाजतं, ते वाजू दे की. डॉक्टर छातीला नळी लावतो, तो काय पेशंटच्या मनातलं ऐकतो?”

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तीन दिवस मी खडू हातात घेऊन छाती काढून बसलो. मी गाणं ऐकतच नाही! शब्द कोणते, चाल कुठली, आपल्याला काय ठाऊक!

तेव्हा मी घणसोली गावात खोली घेऊन राहत होतो. घर गजाननचं. गजानन कंपनीत माझ्याच बाकावर बसायचा, म्हणजे दिवसा सोबती आणि घरी मालक. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या विहिरीवर बादली ओढत होतो. गजाननची आई भांडी घासत होती. हात थांबवून ती म्हणाली, “हसन, गाना झ्याक बोलतस रं! पुरं बोल ना, अर्ध्यानं का थांबलास?”

मी थांबलो कारण आम्ही टेस्टिंगला तेवढंच वाजवायचो. आणि ते सगळंच्या सगळं, ढोलकीसकट, माझ्या तोंडात होतं.

बादली हातातून सुटली ती थेट खाली. गजाननला ती काढायला गळ टाकावा लागला.

*

मग मी सावंतांच्या मागे लागलो, की गाण्याऐवजी दुसरं काहीतरी वाजवा. त्यांनी आधी नुसती ‘सूं’ वाजणारी टेस्ट-रेकॉर्ड लावून पाहिली. पण बारीक घरघर त्यात सापडेना. ती पकडायची तर ढोलकीची थाप लागते. थाप पडली की कॉइल धडकते आणि चोरी उघडी पडते.

गजानन म्हणाला, “थांब, मी आनतो!” आणि दुसऱ्या दिवशी त्यानं एका पुढाऱ्याच्या भाषणाची रेकॉर्ड आणली. कुठून पैदा केली देव जाणे. म्हणाला, “यात वाद्य नाय, गाना नाय. नुसता मानूस हाय. चालल ना?”

चालणार नाही तर काय! मी मनात अल्लाहचा शुक्र अदा केला आणि कामाला लागलो. पहिला स्पीकर लावला. घरघर! दुसरा लावला. घरघर! जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्यामागे लाल फुल्यांचा ढीग लागला होता. सावंत धावत आले. प्रॉडक्शनवाले भांडायला आले. शेवटी सावंतांनी सगळ्यात चांगला, इम्पोर्टेड स्पीकर मागवला, त्यावर भाषण लावलं आणि डोक्याला हात लावला.

“स्पीकर बरे आहेत रे! पुढाऱ्याचाच घसा घासतोय!”

संध्याकाळपर्यंत सगळ्या फुल्या पुसून, तो सगळा माल खात्रीसाठी गाण्यावर दोनदा ऐकला. एका दिवसात दोन दिवसांचं गाणं कानात गेलं. पाप वाचवायला गेलो आणि दुप्पट करून आलो.

*

हे असं चालायचं नाही, कोणा जाणत्यालाच विचारावं, असं ठरवलं. ठाण्याकडच्या एका मौलानांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डफ चालतो. बाकी वाद्यं नाहीत. दुसरं काम मिळत असेल तर हे सोड.” सोडू कसं? लग्न नुकतंच झालं होतं, जैबून गावाहून घणसोलीला आली होती, आणि दुसरं काम काय झाडाला लागतं?

पुढच्या आठवड्यात मुंबईला एका दर्ग्यापाशी बसणाऱ्या बुजुर्गांकडे गेलो. तिथं दर गुरुवारी कव्वाली व्हायची. त्यांनी उलट मलाच विचारलं, “गाण्यामुळे तुझी नमाज चुकते का?” म्हटलं, नाही. “मन वाईटाकडे जातं का?” म्हटलं, घरघरीकडे जातं. ते हसले. “मग कशाला घाबरतोस?”

झालं! एकाकडून काळजी आणली, दुसऱ्याकडून दिलासा. दोन्ही घेऊन परतलो आणि झोप मात्र काळजीनंच उडवली. पहिले मौलानाही पढलेले, दुसरे बुजुर्गही पढलेले. आणि मी कोण यांच्यात निवाडा करणारा?

गजाननला सांगितलं तर तो म्हणतो, “दोगं येगळं सांगतान तं तिसऱ्याला इचार ना. मेजारटी होईल!”

मी गेलो हो खरंच! तुर्भ्याकडे एक वयस्कर मौलवीसाहेब होते. त्यांनी माझा सवाल अर्धाच ऐकला आणि त्यांचे डोळे चमकले. “स्पीकरच्या कंपनीत? बेटा, आमच्या मशिदीचा भोंगा महिनाभर घरघरतोय. जरा बघतोस?” मी शिडीवर चढलो. एका जुम्म्याला भोंगा केला, दुसऱ्याला वायर बदलली, तिसऱ्याला माईक. चौथ्या जुम्म्याला हात जोडून म्हटलं, “हुजूर, माझा जवाब?”

“देतो ना! आधी तेवढा बायकांच्या बाजूचा स्पीकर बघून घे.”

त्यांचं मत मला आजतागायत कळलेलं नाही. स्पीकर मात्र छान वाजतात.

*

रमजानात मला फार अपराधी वाटायचं. रोजा काय फक्त पोटाचा असतो? डोळ्यांचा असतो, जिभेचा असतो, कानांचाही असतो. एका वर्षी सावंतांच्या हातापाया पडून महिनाभरासाठी पॅकिंगमध्ये बदली मागून घेतली. टेस्टिंगला माझ्या जागी नवा माणूस बसवला. पॅकिंगमध्ये पुठ्ठे, सुतळी आणि शांतता. मी खूश!

पण टेस्टिंगची आणि पॅकिंगची भिंत एकच, आणि नमदा फक्त पलीकडच्या बाजूला. पाचव्या रोज्याला मी खाली मान घालून सुतळी बांधत होतो. पलीकडून अगदी पुसट ढोलकी येत होती. लक्ष द्यायचं नाही म्हणून मी मनात दुरूदची दुआ पढत होतो. आणि एकदम माझ्याच तोंडून, सगळ्या डिपार्टमेंटला ऐकू जाईल अशी आरोळी गेली,

“घासतोय!”

गाणं थांबलं. पुन्हा लागलं. दोन मिनिटांनी सावंत तो स्पीकर हातात घेऊन दारात उभे. लाल फुली मारलेला.

“हसनमियां,” ते म्हणाले, “पोटाचा रोजा पक्का आहे. कानांचा सुटला!”

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या संध्याकाळी इफ्तारचा खजूर हातात धरून मी किती वेळ बसलो होतो ते जैबूनलाच माहीत.

*

मग कॅसेटी आल्या. आमच्या गावातली निम्मी घरं तेव्हा आखाती देशांत गेलेल्या मुलांवर चालत होती. पोरं तिकडून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकात, पाठवायची, आणि पत्र लिहायच्या ऐवजी कॅसेट भरून बोलायची. घरची माणसं भोवती बसून ऐकायची, रडायची, मग उलट बाजूला आपलं बोलणं भरून परत पाठवायची. माझ्या धाकट्या भावानंही कुवेतहून टू-इन-वन आणला. बाबांनी अट घातली, की त्यात फक्त कुरआनची तिलावत आणि माणसांचं बोलणं वाजेल. भावानं मान्य केलं.

आईनं निरोप धाडला, की तूही तुझा आवाज पाठव. आमच्या टेस्टिंगच्या खोलीइतकी शांत जागा अख्ख्या दिघ्यात नव्हती. तिथं आता टेपरेकॉर्डरही आला होता; जेवणाच्या सुट्टीत दार लावून त्याच्यासमोर बसलो. टेस्टिंगची एक जुनी कॅसेट पडली होती, तिच्यावरच बोललो. आईची तब्येत, जैबूनचा सलाम, घणसोलीचं पाणी, सगळं अगदी निगुतीनं. शेवटी ‘खुदा हाफिज’ म्हटलं, बटण दाबलं आणि कॅसेट पोस्टात टाकली.

पुढचं मला आईकडून बऱ्याच नंतर कळलं. जुम्म्याची नमाज झाली होती. घरात वीसेक माणसं, मधोमध बाबा. माझा आवाज ऐकून आईनं पदर डोळ्यांना लावला. ‘खुदा हाफिज’ झालं. सगळे ‘खुदा हाफिज’ म्हणाले. जरा खरखर झाली. आणि मग ढोलकी, सारंगी आणि बाईचा आवाज, असं खणखणीत गाणं सुरू झालं! पुसलं होतं ते मी बोललो तेवढंच. टू-इन-वन लावायचं बटण सगळ्यांना ठाऊक, बंद करायचं फक्त भावाला, आणि भाऊ कुवेतला!

आठ दिवसांनी बाबांचं कार्ड आलं. तीन ओळी.

‘तुझी खुशाली ऐकली. त्यापुढचंही ऐकलं. मी येतोय.’

*

बाबा आले. हातात पिशवी, पिशवीत आठ दिवस पुरतील इतक्या नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकी मासळी. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. ढोलकी, फुली, शिक्का, तिन्ही मौलाना. बाबा ऐकत राहिले. दुपारी जैबूननं ताट मांडलं तर त्यांनी आपली पिशवी उघडली आणि भाकरी काढली. पाणीसुद्धा मशिदीतून भरून आणलं. रात्रीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मांडलेलं ताट जैबूननं दर वेळी झाकून ठेवलं. मला मामा आठवत होता, आणि आत उठून जाणारी आई.

शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, “मला तुझा कारखाना बघायचा हाय.”

सावंतांनी त्यांना मानानं आत नेलं, नमद्याच्या खोलीत स्टूल दिलं. मी म्हटलं, “बाबा, आता इथं गाणं वाजेल. तुम्ही बाहेर बसा.”

“लाव,” बाबा म्हणाले.

मी लावलं. बाबा डोळे मिटून बसले, हात गुडघ्यांवर. एक स्पीकर झाला, दुसरा झाला. माझे कान गाण्याकडेही नव्हते आणि घरघरीकडेही नव्हते. मी फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि हात सवयीनं शिक्के मारत होता. सहा स्पीकर झाले. बाबा उठले, सावंतांना सलाम केला आणि बाहेर पडले. सुट्टी झाल्यावर आम्ही बसनं घणसोलीला परतलो.

घरी जैबूननं दोन ताटं मांडली. एक माझं आणि एक उगाच, आशेनं. बाबांनी हातपाय धुतले आणि ताटासमोर येऊन बसले. पिशवीला हात लावला नाही. ताटालाही नाही.

“तिसरा घरघरत होता,” ते म्हणाले.

“कुठला तिसरा, बाबा?”

“तुझ्या कारखान्यातला. ढोलकी जोरात आली तेवा. तू शिक्का मारलास.”

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“सोमवारी गेल्या गेल्या बाजूला काढशील?”

“काढतो, बाबा.”

बाबांनी ताट जवळ ओढलं.

“जैबून, वाढ.”