दुपारच्या पाळीसाठी परदेशी

आमची मॅडम शाळेत गणित शिकवते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी तिला मॅडमच म्हणतो, कारण घरातही ती फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते. मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य मापं पाठवतात. मी साचे ओततो, दात बसवतो, घासतो. दिवसभर लोकांच्या तोंडाची कामं करूनही घरात मला तोंड उघडायची संधी फारशी मिळत नाही.

तिची शाळा दोन पाळ्यांची. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. काही शिक्षक दोन्हीकडचे आणि प्रयोगशाळा मात्र एकच. हे वेळापत्रक हाताने जुळवताना दरवर्षी तिच्या नाकी नऊ यायचे, आणि तरीही शाळा उघडली की दोन वर्ग एकाच दारात येऊन उभे राहायचे. मग तिला एक सॉफ्टवेअर सापडलं, वेळापत्रक लावणारं आणि मुक्त. म्हणजे कुणीही घ्यावं, वापरावं, आतलं उघडून बदलावं. मालक असा कुणीच नाही. फक्त ते बनवणाऱ्यांना दोन पाळ्या ही भानगडच ठाऊक नव्हती. दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून गप्प बसली असती. ही सुट्टीत प्रोग्रामिंग शिकली आणि तो भाग स्वतःच लिहायला बसली.

तिकडे सगळे टोपणनावाने वावरतात. ही ‘खडू’. कुठल्याशा देशातला ‘घुबड’ तिला जोडीला मिळाला. दोघांनी तो भाग उभा केला आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळला, एकमेकांचं तोंडही न बघता. रविवारी दुपारी मी खोट्या शाळा रचून तो मोडायचा प्रयत्न करायचो. दोन शिक्षक एकदम आजारी पाड, प्रयोगशाळाच बंद ठेव, दोन्ही पाळ्यांची परीक्षा एकाच दिवशी घे! मोडला की मला कोण आनंद व्हायचा. मॅडम तोंड वाकडं करून ते सगळं ‘घरून तक्रार’ म्हणून घुबडाला कळवायची.

गेल्या वर्षी घुबड गप्प झालं. पत्राला उत्तर नाही, काही नाही. आणि नियम असा की प्रत्येक भागाला दोन सांभाळणारे हवेत. एकच उरला तर वार्षिक परिषदेत तो भाग काढून टाकायचा. त्यातून त्यांच्या पाहणीत दोन पाळ्या वापरणारं जवळजवळ कुणीच दिसत नव्हतं. दिसणार कसं? पाहणी इंटरनेटवरून होते, आणि मॅडमच्या शाळेतला संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही. अशा शाळा कितीतरी असतील. जगाची मोजदाद घरबसल्या करणाऱ्या या हुशार लोकांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता.

“मी परिषदेला जाते,” मॅडम म्हणाली. “दुसरा सांभाळणारा घेऊनच परत येईन.”

“बाजारातून भाजी आणल्यासारखा?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने माझाही पासपोर्ट शोधायला लागलो. नेहमीच्या बाजारातही वाट चुकते ती. परदेशात एकटी कशी सोडणार?

परिषद एका मोठ्या काचेच्या इमारतीत होती. लांबच लांब टेबलं, पायात वायरींचं जाळं, लॅपटॉपच्या पाठीवर इतकी चित्रं चिकटवलेली की मूळ रंग शोधावा लागे. मॅडम टेबलामागून टेबल फिरत होती. लोक भले होते. तिचं काम बघायचे, तोंड भरून कौतुक करायचे, आणि दुसरा सांभाळणारा म्हटलं की कानांवर हात ठेवायचे. ज्याचं त्याला झालं होतं थोडं. घुबडाला तर कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

मी चहाच्या टेबलापाशी बसून असायचो. शेजारी एक म्हातारी बाई बसायची. बोलताना तिची खालची कवळी खटखट वाजे. मला ते ऐकवेना! शेवटी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि खाणाखुणांनी सांगितलं, तेव्हा आधी ती हसली आणि मग कवळी कागदी रुमालात गुंडाळून सरळ माझ्या हातात दिली. हत्यारं माझ्या सामानात असतातच. कड घासून दिली आणि आमची गट्टी जमली. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी मॅडम आमच्यासोबत जेवायला बसली. “त्या घुबडाने मला मध्येच सोडलं,” मॅडम म्हातारीला सांगत होती. “जमत नाही एवढं तरी कळवायचं ना!” म्हातारी मान खाली घालून जेवत राहिली.

शेवटच्या दिवशी सभा भरली. अध्यक्ष एक किडकिडीत माणूस, पायात सपाता. त्याने वाचलं, “दोन पाळ्या. सांभाळणारे खडू आणि घुबड. आहेत का इथे?”

मॅडम उठली. माझ्या शेजारची म्हातारीही उठली.

“घुबड मी,” ती म्हणाली.

मॅडमने आजवर डोळ्यांसमोर आणला होता तो दाढीवाला तरुण.

“आमच्या शाळेला नवी इमारत मिळाली, पाळ्या गेल्या,” म्हातारी म्हणाली. “मी निवृत्त झाले. आता डोळे साथ देत नाहीत. कळवायचा धीर झाला नाही, काल जेवतानाही झाला नाही. मला माफ करा. माझ्याने आता होणार नाही.”

वाटलं, मॅडम आता रडणार. मलाच रडू येत होतं.

मॅडमने चष्मा पुसला. “तुम्ही केलंत ते पुष्कळ केलंत,” ती घुबडाला म्हणाली. मग अध्यक्षांकडे वळली. “सांभाळणाऱ्याला प्रोग्राम लिहिता आलाच पाहिजे, असा नियम आहे?”

अध्यक्षाने नियम काढला. नवी आवृत्ती आली की तपासायची, वापरणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. लिहिण्याचं कुठे काही नव्हतं.

“अहो, हात वर करा,” मॅडम मला म्हणाली.

“अगं, मी कवळ्या बनवतो!”

“तुम्ही काय बनवता ते मला माहीत आहे. हात वर.”

हात वर गेला. घुबडाने माझ्याकडे वळून पाहिलं. “घरून यायच्या त्या तक्रारी तुमच्या?”

“माझ्या.”

“या माणसाने माझ्या सगळ्या सुट्ट्या नासवल्या,” ती सभेला म्हणाली. “घ्या त्याला.”

मागून एक तरुण उठला. “नवरा-बायको म्हणजे एकच माणूस झाला. एक कंटाळला की दुसराही सोडणार. मग नियमाला अर्थ काय?”

“तुमचं लग्न झालंय?” मॅडमने विचारलं.

“नाही.”

“तरीच.”

सभा हसली, पण मतं काही ढिगाने पडली नाहीत. जेमतेम पारडं आमच्याकडे झुकलं, तेही एका वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा विचार होणार. घुबडाने जाताना मॅडमला जवळ घेतलं.

बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. “आधी विचारायचं तरी! जगभरच्या मास्तरांना मी काय उत्तरं देणार?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

ते खरं होतं. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. “घुबडाने नाही म्हटलं ना, तेव्हा मला वाटलं, संपलं,” ती म्हणाली. “मग तुमचा चेहरा दिसला.”

मी तिच्या खांद्यावरून लॅपटॉपची पिशवी काढून घेतली.

“नवी आवृत्ती कधी येणार?”

“पुढच्या महिन्यात. का?”

“कच्ची असेल ती दे. विमानात बसल्या बसल्या मोडून बघतो.”