टाचणीची दिवाळखोरी

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं काडी, आणि बोलतानाही ओठांत टाचण्या धरलेल्या. बाजारामागच्या गल्लीत तिचं पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं दुकान होतं.

नवरा शाळेची बस चालवायचा. एका दुपारी त्याच्या पोटात अशी कळ उठली, की त्यानं बस कशीबशी कडेला घेतली, मुलांना उतरवलं आणि तिथेच कोसळला. स्वादुपिंडाला सूज आली होती. पुढे कित्येक महिने हॉस्पिटल आणि घर, घर आणि हॉस्पिटल. विमा कंपनीनं आजार जुना आहे म्हणून हात वर केले. टाचणीनं बँकेचं कर्ज घेतलं, क्रेडिट कार्डं वापरली, शेवटी अव्वाच्या सव्वा व्याज लावणाऱ्या फायनान्सवाल्याकडेही गेली. नवरा निम्मा होऊन घरी आला, पण आला.

मग हप्त्यांनी नाकी नऊ आणले. एकाचं भागवायला दुसऱ्याकडून उचलायचं. मुद्दल जागचं हलत नव्हतं. वसुलीवाला दुकानात येऊन मुद्दाम गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवायचा.

"लोकांचे पैसे बुडवून झोप कशी लागते हो तुम्हाला?"

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. "छान लागते. शेजारी नवरा घोरत असतो ना! तो घोरत राहावा म्हणूनच पैसे घेतले होते."

माप द्यायला आलेली बाई फसकन हसली. वसुलीवाला पाय आपटत गेला, पण बाईनं सांगितलेलं माप टाचणीनं दोनदा चुकीचं लिहिलं.

त्याच आठवड्यात धाकटा दीर तोडगा घेऊन आला. "वहिनी, मशीन विकून टाका. उरलेल्यासाठी आईच्या घरावर कर्ज काढू. आपल्या घराण्यात आजवर कुणाचं दिवाळं निघालेलं नाही."

सासूबाई सहीसाठी चष्मा पुसून तयारच होत्या.

"भावोजी, मशीन विकून खाऊ काय? घराण्याचं नाव?" टाचणी म्हणाली. "आणि आई, तो चष्मा आत ठेवा. तुमच्या छपराला मी हात लावू देणार नाही."

ती तडक वकीलबाईंकडे गेली. त्यांनी आधी विचारलं, "उपचार संपले?"

"एक ऑपरेशन राहिलंय."

"मग थांबा. आज दिवाळखोरीचा अर्ज केलात तर आजवरचं देणं माफ होईल, पण ऑपरेशनचं बिल पुन्हा डोक्यावर बसेल. ते उरकू द्या. सासूबाईंना जामीन केलं नाहीत, हे बरं केलंत. नाहीतर त्यांचं घरही गेलं असतं. आता सांगा, पोटाला चिमटा काढून हे सगळं किती वर्षांत फिटेल?"

"या जन्मात नाही. नुसतं व्याजच पुरं पडत नाही."

"ज्याला फेडता येईल त्यानं मुदत मागावी, फेडावं. तुम्हाला येणार नाही. अशांसाठीच हा कायदा आहे. स्कूटर जाईल, दागिने जातील. मशीन कामाचं आहे, ते राहील. मात्र काही वर्षं तुम्हाला कुणी कर्ज देणार नाही."

"अगं बाई!" टाचणी म्हणाली. "ही शिक्षा की बक्षीस?"

ऑपरेशन झालं, जखम भरली, मग अर्ज गेला. दीर म्हणाला, "तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीत." तो यायचा बंद झाला.

कोर्टात फायनान्सवाल्याच्या वकिलानं विचारलं, "फिटणार नाही हे कळत असूनही कर्ज घेतलंत?"

"फिटेल असं वाटत होतं. खात्री नव्हती," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांनाही नव्हती, म्हणून तर एवढं व्याज लावलं. त्यांनी धोका पत्करला नफ्यासाठी, मी माणसासाठी. दोघांचाही हिशोब चुकला. माझा माणूस तेवढा जगला."

न्यायाधीशांनी तिला दिवाळखोर जाहीर केलं. स्कूटर गेली. बांगड्या काढून देताना मात्र तिचा हात अडखळला; तिच्या माहेरच्या आईच्या होत्या त्या. घरी येऊन नळ मोठा सोडून ती पोटभर रडली, मग तोंड धुऊन कामाला बसली.

आता कापडवाला उधार देत नाही, म्हणून ती गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेते. नवरा खुर्चीत बसून पडद्यांना कड्या लावतो, आणि वाकड्या लावल्या म्हणून बोलणी खातो.

परवा एक नवी बाई दारात घुटमळत म्हणाली, "कोर्टात दिवाळखोर ठरलेल्या त्या तुम्हीच ना?"

"मीच ती," टाचणी म्हणाली आणि टेप उलगडली. "पडदे शिवायचेत, की नुसतीच चौकशी?"