माहीत असलेलेच प्रश्न

मी मूळचीच संशयी. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय दूधवाल्याला दारातून हलू न देणाऱ्या घरात वाढले आणि लग्न होऊन आले तीही तशाच घरात. परभणीला शेतीशास्त्र शिकले, नवऱ्यामागे अमेरिकेत एडिसनला आले, बरीच वर्षं पोळ्या लाटल्या आणि शेवटी नोकरी मिळाली तीसुद्धा स्वभावाला धरूनच. दुसऱ्याने लिहिलेलं तपासायचं.

आफ्रिकेतल्या काही देशांमधली शेती संशोधन केंद्रं एकमेकांना जोडायची, हे आमच्या संस्थेचं काम. एका केंद्राने प्रश्न टाकायचा, ज्याला अनुभव असेल त्या दुसऱ्या केंद्राने उत्तर द्यायचं. सुरुवातीला तसंच चालायचं. पण माणसं उत्तर द्यायला वेळ लावतात, म्हणून मग मशीन आलं. आता प्रश्न पडताक्षणी जमवलेल्या शोधनिबंधांमधून मशीनच उत्तर तयार करतं. मी ते वाचून मान्य केलं, की प्रश्नापुढे हिरवी खूण उमटते आणि प्रश्न मिटतो. मिटलेला प्रश्न मग इतर केंद्रांना दिसत नाही. हिरव्या खुणा आमच्या साहेबांना फार प्रिय. साहेब पुण्याचे, वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, मला ताई म्हणतात आणि माझं ऐकत नाहीत.

ऑक्टोबरात मलावीतल्या एका भुईमूग केंद्राचे प्रमुख आमच्याकडे सामील झाले. त्यांचा पहिला प्रश्न असा होता. अवेळी पावसात गोदामाचं छत गळून बियाणं भिजलं. हे बियाणं हंगामाच्या तोंडावर आसपासच्या गावांना वाटायचं होतं. वाळवलं, तबकात टाकून पाहिलं, उगवलंही छान. पण जमिनीत गेल्यावर रोप टिकेल का? वाटावं की वाटू नये? मशीनने क्षणात सांगितलं, उगवण चांगली आहे, वाटायला हरकत नाही. मला त्यात वावगं दिसलं नाही. हिरवी खूण. त्यांनी 'आभारी आहे' असं लिहिलं.

आणि मग हे गृहस्थ सुटलेच. भुईमुगाच्या दोन ओळींत अंतर किती ठेवावं? पेरताना शेंगा फोडून दाणे घ्यावेत का? शेंग पक्व झाली हे कसं ओळखावं? अहो, टरफल आतून काळपट झालं की शेंग तयार, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. भुईमूग केंद्राचा प्रमुख हे विचारतो? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस खरा आहे का? की त्याच्या नावाने कुणी दुसराच बसलाय? एखाद्या बियाणं कंपनीचा माणूस आमच्या जाळ्यात काय काय आहे ते चाचपून बघतोय का? प्रत्येक उत्तराखाली तेच थंडगार 'आभारी आहे'. एकदाही 'पण' नाही. शास्त्रज्ञ म्हणवतो आणि 'पण' म्हणत नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

साहेबांनाही वास लागला होताच. “ताई, हे अकाउंट फेक वाटतंय. शुक्रवारी फंडिंगवाल्यांची मीटिंग आहे, त्याआधी क्लोज करून टाकू. तुम्ही फक्त कन्फर्म करा.”

“सोमवारी सांगते,” मी म्हणाले. हा माणूस खोटा, हे मनातून माझं ठरलंच होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मला ते झाकून ठेवायचं नव्हतं.

मधल्या रविवारी सासूबाईंना घेऊन ओक ट्री रोडला, इथल्या देशी बाजारात गेले. त्या तेव्हा परभणीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नऊवारीवर माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट आणि डोक्याला मफलर अशा थाटात पहिल्या दुकानात शिरल्या, भेंडीच्या ढिगापाशी थांबल्या आणि इकडेतिकडे बघत एका भेंडीचं टोक मोडलं. मोडलं कसलं, वाकलं नुसतं. निबर भेंडी. मग त्या दुकानदाराला विचारायला गेल्या, “भेंडी कोवळी है क्या?”

“एकदम कोवळी, मासी! आज ही आयी.”

सासूबाई टोपली तिथेच ठेवून बाहेर. पुढच्या दुकानात पुन्हा टोक, पुन्हा तोच प्रश्न. गल्ल्यावरची बाई मान न वर करता म्हणाली, “आज मत लो, मासी. परसों नयी आयेगी.”

त्या बाईकडून सासूबाईंनी मेथी घेतली, तोंडली घेतली, कढीपत्ता घेतला आणि कानाशी न हलवता नारळ घेतला. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी चिरलेली कोथिंबीरसुद्धा त्यांनी परत निवडलेली आहे.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “आई, भेंडी निबर आहे हे तुम्हाला कळलं होतं ना? मग विचारता कशाला?”

“भेंडी कळली होती,” सासूबाई म्हणाल्या. “ती बाई कुठे कळली होती?”

सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

सोमवारी सकाळी मी सरळ मलावीला फोन लावला. तिकडे दुपार होती. पलीकडून भारदस्त, सावकाश आवाज. त्यांनी आधी माझी चौकशी केली, मग घरच्यांची, मग थंडीची. कामाचं काही विचारण्याआधी माणसाचं विचारायचं, ही तिकडची रीत. मला मात्र दम निघत नव्हता.

“तुमच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत असतात,” मी म्हणाले.

ते हसले. “पहिला सोडून. पहिल्याचं उत्तर इतकं झटकन आलं की मला भीती वाटली. मी आठवडाभर ज्यावर विचार केला ते तुम्हाला एका क्षणात कसं कळलं? म्हणून मग बघत बसलो, तुमचं हे जाळं कधी ‘माहीत नाही’ म्हणतं का. नाही म्हणत. रोगट रोपाचा फोटो पाठवला होता, आठवतो?”

आठवत होता. आखूड, पिवळट, झुपक्यासारखं झालेलं रोप. मशीनने त्याला फुलकिड्यांमुळे होणारा रोग म्हटलं होतं आणि मीही परभणीच्या शेतावर पाहिलेली शेंडेमर आठवून मान डोलावली होती.

“तो तुमच्या भारतातला रोग,” ते म्हणाले. “आमच्याकडचा वेगळा. तो मावा पसरवतो.”

माझे कान तापले. विषय बदलायला म्हणून मी विचारलं, “मग बियाणं वाटलंत?”

“नाही. गोदामात पडून आहे. गावात म्हणतात, यानं ते विकून खाल्लं. बाजारात माझी बायको दिसली की बायका बोलायच्या थांबतात. आणि पाऊस आता आठवड्यावर आलाय. तुम्ही सांगा. वाटू?”

मला माझी सगळी पदवी आठवली, त्यातलं एक पानही कामाचं नव्हतं. “मला माहीत नाही,” मी म्हणाले.

मग ते म्हणाले, “आभारी आहे.” शब्द नेहमीचेच, पण या वेळी ते माणसाने माणसाला म्हटलेले होते.

फोन ठेवला आणि पहिल्या प्रश्नापुढची हिरवी खूण काढून टाकली. खाली लिहिलं, 'आम्हाला माहीत नाही. कुणाला अनुभव आहे का?' खूण लाल झाली. अर्ध्या तासात साहेबांचा मेसेज, “ताई, हे रेड कसं काय? शुक्रवारी डॅशबोर्ड दाखवायचाय यार!” मी लिहिलं, “लालच दाखव. आणि ते अकाउंट खरं आहे, बंद करायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पूर्व झांबियातल्या एका केंद्रावरच्या शास्त्रज्ञ बाईंचं. 'आमचंही असंच भिजलं होतं. तबकात उगवलं, शेतात दोन पानांवर आलं आणि जमिनीलगत बुरशीने काळं पडून मेलं. वाटू नका. खायलाही देऊ नका.' नकाशा काढून पाहिलं. दोघांच्या केंद्रांमध्ये गाडीने अर्ध्या दिवसाचं अंतर, मध्ये फक्त सरहद्द. ती सरहद्द पार करायला एवढे दिवस लागले, कारण मध्ये न्यू जर्सीत मी बसले होते, हिरवी खूण घेऊन.

मी ते उत्तर मलावीला कळवलं. ते म्हणाले, “मी वाचून दाखवलं तर लोक म्हणतील, चोराने स्वतःच लिहिलं. त्या बाईंनाच बोलायला सांगा. आमची भाषा एकच आहे.”

बाईंनी आवाज भरून पाठवला. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. मागे कोंबड्या, मध्येच हसणं, बाकी एक अक्षर कळेना. तपासल्याशिवाय काहीही पुढे पाठवायचं नाही, हा आमचा नियम. साहेब म्हणाले, ट्रान्सलेट करून घेऊ, नेक्स्ट वीक. तोवर तिकडे पेरण्या होऊन जाणार होत्या. आणि खरं सांगायचं तर मला आता त्या बाईंचाही संशय यायला लागला होता. लिहिलं एक आणि बोलल्या भलतंच, असं असलं तर? हसल्या कशाला?

सासूबाई ओट्यापाशी मेथी निवडत ऐकत होत्या. “काय म्हणतेय ती?”

“कळत नाही हो, आई.”

“मग ज्याला कळतं त्याला दे की.”

मी पाठवून दिला. जन्मात पहिल्यांदा मी न तपासता काही पुढे केलं.

सकाळी उठते तो मलावीहून निरोप. गोदामाच्या दारात माणसं जमली होती, सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता. मग एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, बाईने आवाजात आपलं गाव सांगितलंय ना? त्या गावाच्या नदीचं नाव काय, ते विचारा. माणसं थांबली आहेत, त्वरा करा.

सदस्यांचे फोन नंबर एकमेकांना द्यायचे नाहीत, हाही आमचा नियमच. म्हणून चहाही न घेता मी मलावीचा प्रश्न झांबियाला धाडला आणि फोनकडे बघत बसले. या बाईंना उत्तर आलं नाही तर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि माणसं हट्टाने बियाणं घराघरांत नेणार, हे मला दिसत होतं. उत्तर आलं, 'आमच्या गावाला नदी नाही. कोण विचारतंय?'

मी ते जसंच्या तसं पाठवलं आणि पाठोपाठ, दोघांना विचारून, दोघांचे नंबर एकमेकांना देऊन टाकले. साहेब काय म्हणतील ते म्हणोत.

आजींची बहीण त्याच गावात दिलेली होती. नदी नाही हे ऐकून आजी खाली बसल्या आणि म्हणाल्या, हे बियाणं नको. लोक बाजारातून दुसरं आणायला गेले.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये लाल खुणेबद्दल मला विचारलं गेलं, मी उत्तरं दिली आणि नोकरी अजून आहे. पुढच्या आठवड्यात मलावीहून फोन आला. आधी माझी चौकशी, मग सासूबाईंची, मग थंडीची. मग ते म्हणाले, “सकाळी गावातली माणसं माझ्या घरी आली होती. मक्याबद्दल विचारायला.”

“काय विचारलं?”

“बरंच. पण पहिला प्रश्न त्यांना उत्तर माहीत असलेलाच होता.”