कुसुमच्या घशाखाली न उतरणारा घास

मैत्रिणींनो, आज पणतूला शाहूपुरीत डॉक्टरांकडे नेलं होतं. तो भाकरी खातच नाही. घसा तपासून ते म्हणाले, "आजी, टॉन्सिल सुजलेत. गिळताना दुखतं त्याला, हट्ट नाही हा."

मला एकदम धाकटी बहीण कुसुम आठवली. पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. ती नुसती पेज प्यायची, भाकरीचा घास गालात धरून रडायची. आई ओरडायची, "गिळ की गं! किती नखरं तुझं?" आणि तिला उपाशीच उठवायची.

घरी आल्यावर कुसुमला फोन केला. ती म्हणाली, "अक्का, दुखतंय म्हणून सांगत होते की मी. कुणाला खरंच वाटलं न्हाय."

जेवताना रडणाऱ्या लेकराला रागवायच्या आधी त्याचा घसा दाखवून घ्या.

कुसुम नखरं करत नव्हती, हे आईला आता कोण सांगणार?