धाकट्या महालक्ष्मीचा मुखवटा

त्या मालिकेचं आमच्या घरी भारी वेड होतं. संस्थानी काळातली गोष्ट: शिक्षा भोगून सुटलेला कैदी गुप्तहेर होतो आणि भल्याभल्यांच्या चोऱ्या उघड्या पाडतो. तो पडद्यावर आला की आई हातातली भाजीसुद्धा खाली ठेवायची. शिंदे की छावनीतल्या आमच्या घरात त्याच टीव्हीच्या खोलीच्या दाराशी माझा काका बसलेला असे. मालकाच्या दुकानात चोरी करून खरोखर तुरुंगात जाऊन आलेला. त्याला 'आत येऊन बस' म्हणायचं कुणाला सुचत नव्हतं.

यंदा मात्र महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्याने पंगतीत बसायचं, असं बाबांनी ठरवलं. नातेवाइकांदेखत पान मांडलं गेलं की काका पुन्हा घरचा होणार होता. त्याने त्यासाठी नवा सदरा शिवून घेतला.

आणि ऐन वेळी धाकटीचा चांदीचा मुखवटा सापडेना. घर पालथं घातलं. सगळे काकाकडेच बघत होते.

काकाने थोरलीचा मुखवटा उचलून निरखला. तिच्या कानामागे गव्हाचा कोंडा अडकला होता. मुखवटे परातीत गव्हावर ठेवले होते का, एवढंच त्याने आईला विचारलं. मग धाकटीच्या कोठीत, म्हणजे जिच्यावर तिला उभी करतात त्या धान्याच्या डब्यात, कोपरापर्यंत हात घालून मुखवटा बाहेर काढला. घाईत गव्हाबरोबर तोही ओतला गेला होता. देवीचं डोकं देवीच्याच पोटात घालणारे शहाणे आम्ही!

मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्याच वाजल्या.

"ज्याने ठेवलं, त्यालाच मालूम असणार ना," आत्या म्हणाली.

बाबांनी तिला गप्प करायला हवं होतं. त्याऐवजी ते काकाला मागच्या खोलीत घेऊन गेले. मीही मागोमाग गेले.

"खरं सांग, तुला कसं मालूम पडलं?"

काका कोंड्याचं सांगू लागला आणि मधेच थांबला. त्याने नव्या सदऱ्याचे खिसे उलटे केले, भिंतीकडे तोंड केलं, पाय फाकले आणि दोन्ही हात वर धरून उभा राहिला. तुरुंगात त्याला असंच उभं करत असणार.

"दादा, तलाशी घेऊन घे. मग जेवायला बसतो."

बाबा ते हात खाली ओढतील आणि त्याला जवळ घेतील, असं मला वाटलं. माझा जीव नुसता तुटत होता.

बाबांनी त्याच्या काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही हात फिरवले.